राख, राब आणि ठकूबायचा वाफा

दर महिन्याच्या अखेरीला मला वरच्या कचेरीत एक रिपोर्ट पाठवावा लागतो. त्याचे रकाने छापील असतात. पाऊस किती, बी किती वाटलं, नांगर किती खपले. माणसं काय बोलली याला मात्र रकाना नाही! त्यामुळे रिपोर्टात जे मावलं नाही ते माझ्या ट्रंकेत साठत गेलं. काही बियाण्याच्या पाकिटांच्या पाठीवर, काही जुन्या तिकिटांवर, एक तर पावसात भिजू नये म्हणून टोपीच्या अस्तरावर लिहिलेलं. परवा ट्रंकेचं झाकण बसेना. म्हटलं, तुम्हाला सांगून ती थोडी रिकामी करावी.

मी अमेरिकेत चार वर्षं शेतकी शिकून आलो. बोटीवरच माझा निश्चय झाला होता. मुंबईच्या चुलींसाठी कोळसा पुरवता पुरवता आमच्या कर्जत-खालापूरकडचे डोंगर बोडके होत चालले आहेत, ते वाचवायचे. नेमणूक मिळाली कशेळ्याला. तिथे बियाणं आणि लोखंडी नांगर यांचा आमचा डेपो होता. डेपो म्हणजे कासमभाईंच्या दुकानाची पडवी. आत मीठ, रॉकेल आणि सुकी मासळी. बाहेर नांगर आणि मी.

पहिल्याच आठवड्यात एका शेतकऱ्यानं नांगराचा फाळ नाकाशी नेला आणि विचारलं, "ह्यो चिखलात घातला तर मासं बी गावतील काय?"

*

आमच्या पडवीत रोज संध्याकाळी जी बैठक बसे तिचे अध्यक्ष धोंडूबाबा. साठीचे कुणबी, अंगानं काटकुळे, जिभेनं धडधाकट. पहिल्या दिवशी त्यांनी माझी उलटतपासणी घेतली.

"अमेरिका इलायतेच्या अलीकडं का पलीकडं?"

"पलीकडे."

"म्हंजे इलायत वाटंतच लागली. मंग तितं उतरला का नाय? लोकं तितंच तर शिकतात!"

मी म्हणालो, "अमेरिकेतली शेती जास्त सुधारलेली आहे."

"तितं भाताला राब भाजतात?"

"मुळीच नाही! एक फांदीसुद्धा जाळत नाहीत."

"मंग भात कसा पिकवतात?"

"मी होतो तिकडे भात पिकवत नाहीत. गहू आणि मका."

धोंडूबाबा कासमभाईंकडे वळले. मग हळहळत म्हणाले, "चार वर्सं! चार वर्सं पोरानं भाताबिगर काढली, आन् शिकून आलं ते भातच शिकवायला!"

*

राब म्हणजे काय ते इथेच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

आमच्याकडे भाताचं बी आधी एका लहानशा वाफ्यात पेरतात. पावसाआधी त्या वाफ्यावर शेण पसरायचं, शेणावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, म्हणजे टाहाळ. त्यावर पालापाचोळा, गवत आणि सगळ्यात वर बारीक माती. मग ते सगळं पेटवून द्यायचं. हा राब. त्या भाजलेल्या जमिनीत बी पेरलं की रोपं येतात. त्या रोपांना आवण म्हणतात. आवण वीतभराच्या वर गेलं की उपटून, मुठी बांधून बांध घातलेल्या खाचरात नेऊन लावायचं. वाफा फसला की आवण नाही, आवण नाही की खाचर रिकामं, खाचर रिकामं की वर्षभर मडकं रिकामं. इतका सरळ हिशेब.

मला त्यात फक्त छाटलेली झाडं दिसत होती. चांगू नावाचा ठाकर डोंगरावरच्या वाडीतून टाहाळ तोडून आणून देत असे. मी त्याला ऐनाच्या झाडावरच गाठलं आणि खालून व्याख्यान सुरू केलं. झाड म्हणजे काय, पाऊस म्हणजे काय, माती कशी वाहून जाते... सगळं! पंधरा मिनिटं तरी बोललो असेन. चांगू वरून ऐकत होता आणि कोयता चालवत होता.

ठाकर मंडळी कलेक्टरलाही "तू"च म्हणतात. चांगू खाली उतरला, घाम पुसला आणि म्हणाला, "ह्यो ऐन माज्या आज्यानं छाटला. बापानं छाटला. आता मी छाटतो. वर शेंडा ठेवला हाय, बघ. शेंडा हाय तवर झाड हाय."

मी मान वर करून पाहिलं. शेंडा होता.

"आन् त्यो तिकडं बघ." त्यानं समोरच्या डोंगराकडे बोट केलं. कोळशाच्या मक्तेदारानं बुंध्यापासून साफ केलेला आख्खा उतार होता तो. "ती झाडं तोडत व्हते तवा तू कुठं व्हतास?"

"अमेरिकेत."

"काय करत व्हतास?"

"झाडं कशी वाचवायची ते शिकत होतो."

चांगूनं भारा डोक्यावर घेतला. चालता चालता म्हणाला, "मंग जरा लौकर शिकायचं रं!"

*

पण माझ्याकडे रसायनशास्त्र होतं! राब भाजून शेवटी उरतं काय? राख. रोपाला मिळतं काय? राखेतले क्षार. मग राख जर घरोघरच्या चुलीत आयतीच तयार होते, तर तिच्यासाठी झाड छाटायचंच कशाला? चुलीतली राख आणा, वाफ्यावर पसरा, बी पेरा. राब नको, टाहाळ नको, धूर नको. हे मला सुचलं त्या दिवशी आनंदानं जेवण गेलं नाही.

आता प्रयोगाला वाफा हवा होता. तो देणार कोण?

दिला ठकूबायनं. ठकूबाय म्हणजे धोंडूबाबांची चुलत भावजय. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, तीन खाचरं, एक म्हैस. नांगरापुरते धोंडूबाबा येत, बाकी सगळं ती एकटी रेटायची. नवरा गेल्यापासून तिनं कुणाकडून आवणाची एक मूठ मागितली नव्हती. हे ती स्वतः कधी सांगत नसे. बाकीचा आख्खा गाव सांगे.

त्या वर्षी जंगलखात्यानं टाहाळ तोडायचे पास कमी केले होते. तिला अर्ध्या वाफ्यापुरताच टाहाळ मिळाला. तेव्हा ती पडवीत आली.

"भाऊ, अर्ध्या वाफ्यावर मी राब भाजते. अर्धा तुज्या राखेला देते."

मी उठून उभाच राहिलो!

"बस. अजून सांगायचं हाय. तुजं नाय उगवलं तर माजं दीड खाचर उघडं पडंल. मंग काय?"

मी छातीवर हात ठेवला. "ठकूबाय, सगळी जबाबदारी मी घेतो!"

"घे की," ती म्हणाली. "पन ती शिजवायची कशी, ते बी सांगून ठेव."

*

राख गोळा करणं हे कलेक्टराच्या परीक्षेपेक्षा अवघड काम आहे.

मला वाटलं होतं, राख म्हणजे टाकाऊ वस्तू. मागितली की बायका खुशीनं देतील. पहिल्याच दारात कळलं की गावात राखेइतकी कामाची वस्तू दुसरी नाही. एकीला भांडी घासायला हवी होती. दुसरीनं वालाचं बी किडू नये म्हणून राखेत घोळून ठेवलं होतं. तिसरीच्या घरात सहा माणसं राखेनं दात घासत होती. चौथीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "आमची राख इलायतेला धाडनार व्हय? तितं चुली नाईत काय?"

तरी मी सोडलं नाही. खांद्याला पोतं अडकवून कशेळं झालं, आसपासच्या वस्त्या झाल्या, पार भिसेगावपर्यंत जाऊन आलो. दुपारच्या उन्हात, घामानं भिजलेला, केसांपासून नखांपर्यंत राखेनं माखलेला. वाटेत एक म्हातारी मला बघून ओट्यावरून खाली उतरली, मूठभर तांदूळ पोत्यात टाकले आणि पाया पडली!

कासमभाईंच्या बायकोनं मात्र खरोखर डबाभर राख पाठवली. तिच्यात अर्धी राख आणि अर्धे बोंबलाचे काटे होते. मी ते वेचत बसलो असताना कासमभाई दुकानातून डोकावले.

"भाऊ, एक बाई विचारत होती, तुमच्या पडवीतला बैरागी हात बघतो काय."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, अजून शिकतोय. सध्या नुसती राख बघतो!"

*

पोती घेऊन ठकूबायच्या वाफ्याकडे निघालो तर वाटेत जंगलखात्याचा गार्ड. कमरेला पट्टा, हातात काठी, खिशात पावतीपुस्तक.

"पोत्यात काय हाय?"

"राख."

"कसली?"

"लाकडाची."

"लाकूड कुठलं?"

आता काय सांगणार? साठ घरांच्या चुलींतली राख! मी म्हणालो, "निरनिराळं."

गार्डनं पावतीपुस्तक काढलं. "म्हंजे जंगलचा माल. पास दाखवा."

"अहो, राख आहे ही! जळून गेलेलं लाकूड!"

"जळून गेलं म्हनून काय जंगलचं नाय झालं? राखीव झाडाची असली तर?"

मी खरोखरच संतापलो. पोत्यात हात घालून मूठभर राख त्याच्यापुढे धरली आणि म्हणालो, "ही घ्या. ही साग की ऐन की आंबा, ते तुम्ही सांगा. राख बघून झाड ओळखता आलं ना, तर अमेरिकेतलं माझं कॉलेज तुम्हाला उद्याच्या उद्या प्रोफेसर करेल!"

गार्डनं राखेकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुस्तक हळूच मिटलं. आजूबाजूला कुणी नाही असं बघून जवळ आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "प्रोफेसराला डोंगर चढावा लागतो काय?"

*

ठकूबायच्या अर्ध्या वाफ्यावर राब भाजला त्या दिवशी मी माझा थर्मामीटर घेऊन गेलो. तो मी अमेरिकेहून कापसात गुंडाळून आणला होता. भाजण्यानं जमीन किती तापते ते मोजायचं आणि त्या आकड्यानिशी गावाला पटवून द्यायचं, की तुम्ही आपल्याच जमिनीचे हाल करता आहात.

धोंडूबाबांनी मूठभर धूळ वर उडवून वारा बघितला आणि वारा ज्या बाजूला जात होता त्या टोकाला राब पेटवला.

"बाबा, उलटं झालं," मी म्हणालो. "वाऱ्याकडून पेटवलंत तर चटकन जळेल."

"चटकन जळाय ती काय होळी हाय? वाऱ्याच्या तोंडावर गेला का तो हळूहळू खातो. खालपातूर खातो."

आणि खरंच, जाळ असा दिसेचना. नुसता धूर, आणि आत आत सरकत जाणारी एक लाल कडा. तास झाला, दोन तास झाले. मी मातीत थर्मामीटर खुपसून, पालथा पडून आकडा वाचत होतो. पारा चढत गेला, चढत गेला, आणि टक्कन आवाज झाला!

"काय झालं?" धोंडूबाबा लगबगीनं आले.

"थर्मामीटर फुटला."

"मंग जमिनीला ताप किती व्हता?"

"कळलंच नाही. याच्या मापाबाहेर गेला."

धोंडूबाबांनी काचेचे तुकडे नीट वेचून माझ्या हातावर ठेवले. "काच फुटली म्हंतोस. मंग मातीत जे गवताचं बी पडलंय, ते काय आत गाणी म्हनत बसलं आसंल?"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी तिथल्या तिथे बियाण्याच्या पाकिटावर लिहून घेतलं. पाकीट अजून आहे. नुसतं लिहून न घेता समजून घेतलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

*

पेरणी झाली. पाऊस वेळेवर लागला. आठवडाभरानं मी वाफ्यावर गेलो आणि बांधावरच थबकलो.

राबाच्या अर्ध्यात विरळ, नेमस्त पोपटी लव उगवली होती. आणि राखेच्या अर्ध्यात? हिरवागार गालिचा! मुंगीला वाट मिळणार नाही इतकं दाट! मी तसाच पळत पडवीत आलो, शाई उघडली आणि रिपोर्ट लिहिला. "राखेचा भाग राबाच्या भागापेक्षा स्पष्टपणे अधिक हिरवा व अधिक दाट आहे. राबाची प्रथा अनावश्यक असल्याचे सिद्ध होत आहे." खाली सही. सहीखाली रेघ. टपाल निघायच्या आत टाकला आणि मगच ठकूबायला बोलावून आणलं.

ती वाफ्याशी बसली. एक काडी उपटली, बोटांत फिरवली, टाकली. दुसरी उपटली. टाकली. तिसरी उपटली.

"कसं वाटतं, ठकूबाय?"

"बेस हाय."

"खरंच?"

"व्हय. म्हशीला आवडंल."

गालिचा होता तो गवताचा होता. भात मध्ये कुठे कुठे होतं, जत्रेत हरवल्यासारखं.

*

त्यानंतरचे काही दिवस मी पडवीत दिसलो नाही. मी वाफ्यात होतो. गुडघ्यांवर बसून गवत उपटत होतो. ठकूबायच्या दीड खाचराची जबाबदारी मी घेतली होती आणि ती शिजवता येत नाही हे आता मलाही कळलं होतं. लावणीचे दिवस जवळ येत होते. पलीकडे राबाचं आवण तरारून वर आलं होतं. पण ते अर्ध्याच खाचरांना पुरणार होतं.

दोन दिवस मान मोडून काम केल्यावर कोपऱ्यातला एक तुकडा मी अगदी स्वच्छ केला. ठकूबायला हाक मारली. ती आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग माझ्या मागच्या ढिगाकडे गेली आणि त्यातली मूठभर उचलून घेतली.

"भाऊ, हे काय हाय?"

"गवत. उपटलेलं."

"हे भात हाय." तिनं वाफ्याकडे हनुवटी केली. "आन् त्ये जे तू राखलंस, त्ये गवत हाय."

मी कपाळाला हात लावून चिखलातच बसलो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती शेजारी येऊन बसली, आणि एक काडी भाताची अन् एक गवताची अशा दोन्ही माझ्या तळहातावर ठेवून पानाच्या बुडाशी काय बघायचं ते शिकवू लागली. पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं, चार चार वेळा. मला ते जमायला लागलं तेव्हा तिनं विचारलं, "तुज्या त्या कालेजात लय पैलवान मास्तर आसतील नाय?"

"का हो?"

"सगळ्यांनी मिळून तुला भातापासून इतका लांब धरून ठेवला!"

संध्याकाळी धोंडूबाबांनी तिला बांधावरून हाक दिली. "वयनी, माज्याकडं आवण उरंल थोडं. धाडू काय?"

"तुमचं तुमाला पुरूदे, भावोजी," ती म्हणाली आणि वाकून पुन्हा कामाला लागली.

त्याच आठवड्यात वरच्या कचेरीचं उत्तर आलं. साहेबांना माझा रिपोर्ट फार आवडला होता. राखेचा वाफा बघायला ते जातीनं येत होते!

*

मी ठरवलं, वाफा बघायच्या आधीच साहेबांना खरं सांगून टाकायचं. म्हणून आदल्या दिवशी पहाटेच कशेळ्याहून निघालो आणि कर्जतला साहेब उतरले होते त्या बंगल्यावर जाऊन थडकलो.

साहेब आपलेच, मराठी. डोक्यावर हॅट, पायांत घोट्यापर्यंत बूट, स्वभावानं अतिशय प्रेमळ आणि बोलण्याची जबरदस्त आवड. मी म्हणालो, "साहेब, एक सांगायचं होतं."

"सांगा, सांगा! पण आधी हे ऐका." आणि नोकरीच्या पहिल्या वर्षापासून त्यांनी सुरुवात केली. चहाला ते खानदेशात होते, जेवणाला गुजराथेत, आणि रात्री मला निरोप दिला तेव्हा त्यांची तिसरी बदली नुकतीच झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यात मी पुन्हा धीर केला. "साहेब, माझ्या त्या रिपोर्टात एक मोठी चूक—"

"अहो, शुद्धलेखन मी बघतच नाही!" साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "मी तळमळ बघतो!"

टांगा थांबला. ठकूबायच्या वाफ्याभोवती सगळं गाव जमलेलं. रिमझिम चालू होती. बायका पानांची इरली पांघरून, पुरुष घोंगड्या घेऊन, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण गरीब भाव. मी मान खाली घालून साहेबांच्या मागून बांधावर चढलो. मान वर केली आणि...

राखेच्या अर्ध्यात आवण उभं होतं! हातभर उंच, हिरवंगार, भरगच्च. गवताची काडी औषधालासुद्धा नाही!

खरं सांगतो, हसू नका. क्षणभर मला वाटलं, आपलं रसायनशास्त्र खरंच होतं, फक्त जरा उशिरा पोचलं!

मग दिसायला लागलं. आवणाचा एक पुंजका गडद हिरवा, त्याच्या शेजारचा पोपटी, पलीकडचा देठाशी जांभळट. एका वाफ्यात घरोघरचं भात! सगळ्यांची बुडं ताज्या चिखलानं लिंपलेली. कडेचा एक झुबका हळूहळू कलायला लागला होता, आणि चांगू आकाशाकडे बघत बघत पायाच्या अंगठ्यानं त्याला सरळ करत होता.

धोंडूबाबा माझ्या कानाशी आले. "कासमभाईनं परत्येक घरातनं आवणाच्या मुठी जमवल्या. काल दिसभर आमी गवत उपटलं आन् हे खोवलं. आता सायबाफुडं मान वर करून उभा रा."

"अहो पण... ठकूबाय कशी तयार झाली?"

"तिला म्हनलं, तुज्यासाठी नाय, पोराच्या नोकरीसाठी. सायेब गेला का हेच उपटून तिच्या दीड खाचरात लावायचं. हितं परत वाटून घेत बसतंय कोन?" आणि त्यांनी डोळा मिचकावला.

मी त्यांचा चिखलानं माखलेला हात घट्ट धरला.

साहेब इकडे बोलतच होते. वाफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते दोनदा गेले. "उत्तम! अत्युत्तम! मंडळी, तुम्ही डोळ्यांनी बघताच आहात. राबाशिवाय, एक फांदीही न तोडता, नुसत्या राखेवर हे आवण! आता माझा शब्द ऐका. पुढल्या वर्षापासून या तालुक्यात टाहाळ तोडायचे पास पूर्ण बंद करावेत, अशी शिफारस मी आज रात्रीच करणार. सगळ्यांनी राखच वापरायची!"

पावसाचे थेंब इरल्यांवर पडलेले ऐकू येऊ लागले. कासमभाईंचं हसू जिथल्या तिथे थिजलं. धोंडूबाबांनी मिटलेला डोळा उघडलाच नाही. माझ्यावरच्या मायेनं त्यांनी आपल्याच सगळ्या वाफ्यांवर धोंडा पाडून घेतला होता.

मी पुढे झालो. "साहेब, हे यश माझं नाही."

"विनय!" साहेब गावाकडे वळून म्हणाले. "बघा, हल्लीच्या तरुणांत हा दिसत नाही."

"विनय नाही साहेब, खरंच सांगतो, हे आवण राखेवर—"

"पुरे, पुरे. आपली स्तुती आपण कशी करणार? मी वाफ्याच्या मालकिणीलाच विचारतो." साहेबांनी वही उघडली, पेन्सिल काढली आणि ठकूबायसमोर उभे राहिले. "बाई, तुमचा वाफा, तुमचा अनुभव. मी तुमचे शब्द जसेच्या तसे लिहून घेणार आहे. राखेनं खरंच गुण दिला?"

ठकूबायनं आधी आवणाकडे पाहिलं. मग बांधावरच्या एकेका तोंडाकडे. मग माझ्याकडे, जरा जास्त वेळ. डोक्यावरचं इरलं मागे सारलं आणि साहेबांना हात जोडले.

"लय गुन दिला, सायेब! काल न्याहारीच्या टायमाला हितं निसतं गवत व्हतं!"